शंभर टक्के

२९ जुलै, मंगळवार

निहारच्या शाळेत बॉम्बची चिठ्ठी!

सकाळी पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर मेसेज — मुलांना ताबडतोब घेऊन जा, घाबरू नका. घाबरू नका म्हणे! केस ओले, पायात घरातली चप्पल, तशीच ऑटोत बसले. गेटबाहेर पालकांची ही गर्दी, पोलिसांचा कुत्रा, कुणी रडतंय, कुणी शूटिंग करतंय. निहार सातवीच्या मुलांबरोबर मैदानात बसला होता. मी घट्ट मिठी मारली तर अंग आखडून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

काही सापडलं नाही. चिठ्ठी ऑफिसबाहेरच्या सूचनापेटीत होती. हिंदीत, हातानं लिहिलेली. शनिवारचा कार्यक्रम रद्द करा, नाहीतर शाळा उडवून देऊ.

शनिवारचा कार्यक्रम म्हणजे माझाच! मुलांच्या वह्या स्टेजवर मागवून मी अक्षरावरून स्वभाव सांगणार होते. चारशे पालक, दोन कॅमेरे. माझ्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मयुरानं महिनाभर खपून जमवलं होतं. लिहायला लाज वाटते, पण पोरगं सुखरूप घरात आलं, त्याच्या हातात दुधाचा पेला दिला, आणि दुसरा विचार हाच आला — गेला माझा शनिवार.

३० जुलै

मयुराचा फोन. मला वाटलं रडेल. ती हसत होती. "मृणाल मॅम, यार, सोळा वर्षं तुम्ही कोर्टासाठी सह्या तपासताय, कुणाला माहीत आहे? रीलमधून लोक ओळखतात ते अक्षरावरून भविष्य सांगणारी बाई म्हणून. ही चिठ्ठी म्हणजे तुमची खरी केस आहे!"

खरं बोलली. ते स्वभाव सांगणं म्हणजे निव्वळ थापा आहेत, हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक. पण खोटी सही कशी पकडायची याच्या रीलला तीनशे लोक, आणि जूनमध्ये एका मुलाची वही दाखवून 'अक्षरं ओळीखाली घसरतात, मूल आतून घाबरट आहे' म्हटलं त्याला तीन लाख! वही निहारचीच होती, इंग्रजीची. नाव झाकलं होतं. हरीश बाप ना, आठवडाभर धुसफुसत होता — "मुलं त्याला फिसलू म्हणतात म्हणे, कव्हरवरच्या स्टिकरवरून ओळखलं." मी म्हटलं, मुलं दोन दिवसांत विसरतात.

प्रिन्सिपल मॅमना फोन केला, मदत करते म्हणाले. लगेच चिठ्ठीचा फोटो आला.

आणि बघताक्षणी दिसलं! शनिवारचा श, स्कूलचा ल, लोगचा ल. हे दिल्लीचे नाहीत. इकडे दिल्लीत मुलं ल काढतात तो उभ्या दांडीला आकडा अडकवलेला. चिठ्ठीतला ल आपल्याकडचा — दोन पोटांचा, विनादांडीचा. श चं डोकंही आपलंच. लिहिणारा महाराष्ट्रात अक्षर गिरवून आलेला आहे. भीती कुठल्या कुठे गेली. बऱ्याच वर्षांनी कामातली मजा आली.

१ ऑगस्ट

शाळेनं सगळ्या कर्मचाऱ्यांचे अर्ज पाठवले, हिंदीतले. अठ्ठेचाळीस. पैकी आपल्याकडचा ल एकाचाच — अंबादास, लायब्ररीतला कंत्राटी सहायक. ओळखते मी त्याला. परभणीकडचा, मुनिरकात खोली घेऊन राहतो, यूपीएससीचे सगळे प्रयत्न संपले तरी गावी परत गेला नाही. पालकसभेला गेले की उठून उभा राहायचा, "ताई, मराठी बोलायला मिळालं की बरं वाटतं हो."

चिठ्ठी स्केच पेननं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत आहे. मुलासारखी. म्हणजे मोठ्या माणसानं मुलाचं सोंग घेतलंय, हे उघड आहे.

अहवालात लिहिलं: लेखक महाराष्ट्रात शिकलेला असण्याची शक्यता, अंबादास यांच्या अक्षराशी काही साम्य, मूळ कागद पाहिल्याशिवाय निश्चित मत देता येणार नाही. नियमाप्रमाणे. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

ज्या दिवशी शाळेच्या स्टेजवर बसायचं होतं त्या दिवशी टीव्हीवर बसले! मयुरानं कसं जमवलं तिचं तीच जाणे. घरूनच, व्हिडिओवर. चिठ्ठी पडद्यावर, बाणानं माझा ल दाखवलेला. अँकर एकसारखा विचारत होता, "मैडम, हाँ या ना? कितने परसेंट?" कॅमेऱ्यामागे मयुरा हातानं खुणा करतेय — बोला, बोला. हरीश आणि निहार मागच्या सोफ्यावर.

मी म्हटलं, "सौ प्रतिशत."

तोंडातून गेलं. महाराष्ट्रातला, मोठा माणूस, आणि शाळेतलाच. नाव घेतलं नाही मी! नाव नाही घेतलं.

३ ऑगस्ट

फॉलोअर एका रात्रीत एकसष्ट हजारांचे एक लाख चाळीस हजार. दोन वकिलांचे फोन. आईचा पुण्याहून फोन, बिल्डिंगमध्ये पेढे वाटले म्हणे!

४ ऑगस्ट

अंबादासला पोलिसांनी नेलं.

पंधरा ऑगस्ट तोंडावर, बॉम्ब हा शब्द, सगळे टीव्हीवाले मागे लागलेले — ते तरी काय करणार? शाळेत महाराष्ट्रातला माणूस एकच. नाव न घेता मी आणखी काय केलं होतं?

केलं असेल तर नेलं. केलं नसेल तर सोडतील. निहार जेवला नाही. शाळेत नको ते ऐकत असणार, वेळ गेला की ठीक होईल.

७ ऑगस्ट

सोडला नाही. चौदा दिवसांची कोठडी.

दुपारी अनोळखी नंबर. अंबादासची थोरली बहीण, भानुमती. मला वाटलं शिव्या देईल. मी फोन कानापासून लांबच धरला होता. ती म्हणाली, "ताई, त्याला नोकरी लागली हो. सरकारी. आठ वर्षांनी परीक्षा निघाली, कारकुनाची. आता फक्त पोलिसांचा चांगल्या वर्तनाचा दाखला यायचा राह्यलाय." मग, "तुमी मोठ्या. तुमाला अक्षर कळतं. पुन्हा एकदा बगा ना."

पुन्हा एकदा बघते म्हणाले. फोन ठेवला तर ओढणी घामानं भिजली होती. दिल्लीतला उकाडा, दुसरं काय.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

भानुमती दारात! परभणीहून बसनं, गाडीनं, दोन दिवसांचा प्रवास. तुरुंगात राखी बांधायला दिली का विचारलं, तर म्हणाली, "रांग लई होती. जाळीतून बघितला. रडत नव्हता, त्यानंच मला जास्त भ्या वाटलं."

चहा घेतला नाही. पिशवीतून पत्रांचं पुडकं काढलं. अंबादासनं दिल्लीहून आठ वर्षांत लिहिलेली पत्रं. घरात फोन आहे, पण म्हातारीला पत्र वाचून दाखवलेलं आवडतं म्हणून हा लिहितो. "ही सगळी ठेवा तुमच्यापाशी. निवांत बगा."

निहार खोलीच्या दाराशी उभा होता. ती जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तो तसाच भिंतीला पाठ लावून खाली बसला. "काय रे?" — "कुछ नहीं." घरात हिंदी बोलू नकोस म्हणून मी ओरडले.

पत्रं बघितली. बघायला नको होती. हा माणूस हात न उचलता लिहितो. शब्दाच्या शिरावरची रेघ एका दमात, डावीकडून उजवीकडे. चिठ्ठीत प्रत्येक अक्षराला सुटी टोपी आहे. अर्जातही हे दिसलं असतं, पण मी ल शोधत होते. ल सापडला आणि मी डोळे मिटले.

चार तास टेबलाशी बसून आहे. सोंग घेताना रेघ बदलता येते. येते ना? येते. पण इतकी?

१० ऑगस्ट, रविवार

काय लिहू? लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

मनाला धीर यावा म्हणून सकाळी रील करायला बसले. 'दिल्लीचा ल आणि महाराष्ट्राचा ल'. मयुरा केव्हाची मागे लागली होती, लोक विचारतात म्हणून. एका पानावर अंबादासचा ल, शेजारी दिल्लीच्या शाळेत शिकलेल्या मुलाचा. दिल्लीचं मूल घरातच आहे! निहार क्रिकेटला गेला होता. त्याच्या दप्तरातून हिंदीची वही काढली. मोबाइल स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग चालू केलं, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि वही उघडली.

आपल्याकडचा ल.

पानंच्या पानं. लड़का, लेकिन, शाम, शहर. दोन पोटांचे ल. प्रत्येक अक्षराला सुटी टोपी. टोपी उजवीकडून डावीकडे ओढलेली.

मीच शिकवलं! लॉकडाऊनमध्ये. शाळा बंद, हा दुसरीत, ऑनलाइन वर्गात काही कळेना. मी रोज दुपारी पाटीवर अक्षरं काढून द्यायचे आणि माझा ल दिला मी त्याला. आजीनं मला दिला तोच. नंतर त्याच्या हिंदीच्या वहीला मी पाच वर्षं हात लावला नाही. इंग्रजीची तेवढी उचलली, तीसुद्धा रीलसाठी.

भिंग घेतलं. लोगचा ल. बमचा म — खालची गाठ उघडी. तेरा जागा जुळल्या, मग मोजायचं सोडून दिलं. मोठ्या माणसानं मुलाचं सोंग घेतलंय म्हणे! मुलानं मुलासारखं लिहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा म्हणून मी सगळ्या देशासमोर मिरवत होते.

शनिवारचा कार्यक्रम. वह्या मागवून, स्टेजवर, सगळ्या शाळेसमोर. त्याला वाटलं असणार, आई पुन्हा माझीच वही काढेल. फिसलू. त्यानं शाळा उडवायची धमकी नाही दिली, त्यानं मला थांबवायचा प्रयत्न केला. माझ्या लेकराला दुसरा रस्ता दिसला नाही.

रेकॉर्डिंग चालूच होतं. पुसून टाकलं. वही माझ्या कपाटात, साड्यांखाली.

११ ऑगस्ट

तेरा वर्षांचा आहे. तेरा! बालगुन्हेगार म्हणतात की दुसरं काही? शाळा काढून टाकणार, दुसरी कुठली घेणार नाही. टीव्हीवर चेहरा झाकून दाखवतील आणि शेजारी माझा चेहरा उघडा. 'एक्सपर्ट का बेटा'. सोळा वर्षांत मी दिलेला एकेक अहवाल वकील पुन्हा उघडतील.

आणि न सांगावं तर अंबादास.

सरकारी लॅबमध्ये मूळ कागद गेलाय. नंबर लागायला चार-पाच महिने. तिथला माणूस बघेल तेव्हा बघेल. तो माझ्यासारखा आंधळा नसेल.

१२ ऑगस्ट

हिंदीच्या टीचरचा ग्रुपवर मेसेज — गुरुवारपर्यंत सगळ्यांच्या वह्या जमा करा. वह्या ही बाई रोज बघते! तिनं टीव्ही पाहिला असेल का? मुद्दामच मागतेय का? वर्गातल्या सगळ्यांच्या मागितल्यात, सगळ्यांच्या. चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत.

संध्याकाळी निहारनं दप्तर पालथं घातलं. मग स्वयंपाकघरात आला. मी पोळ्या लाटत होते.

"आई, माझी हिंदीची कॉपी बघितली?"

"नाही रे."

मान वर केली नाही मी. तो तिथंच उभा. तव्यावरची पोळी करपली. मग म्हणाला, "अच्छा," आणि गेला. पुन्हा विचारलं नाही.

त्याला कळलं. मला कळलंय हे त्याला कळलं. आता आम्ही दोघं एकमेकांना घाबरून एका घरात राहतोय. मी हाक मारली की तो दचकतो. तो दार उघडतो तेव्हा मी दचकते. विचारावं, जवळ घ्यावं, सांगावं की बाळा, मी आहे. पण एकदा विचारलं की उत्तर ऐकावं लागेल. ऐकलं की मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

१३ ऑगस्ट

तपास अधिकारी घरी आला. तोही दमलेला, उद्या-परवा सगळा बंदोबस्त. जबाब टाइप करूनच आणला होता. "मैडम, आपके टीवी वाले ही शब्द लिखे हैं. शत-प्रतिशत. पढ़ के साइन कर दीजिए."

मी म्हणू शकत होते, माझा अहवाल असं म्हणत नाही. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. निहारचं नावही घ्यावं लागलं नसतं! पण तो विचारणार, मग आता मत का बदललं? आणि निहार आतल्या खोलीत, दार अर्धवट उघडं.

सही केली.

माझी सही. कुणीही तपासली तर खरीच निघेल. दाब नेहमीपेक्षा जास्त आहे, एवढंच.

१४ ऑगस्ट

हरीश म्हणाला, "काय झालंय तुला? रात्रभर तळमळतेस." मी म्हटलं टीव्हीमुळे दगदग होते. त्यानं आल्याचा चहा करून आणला. या माणसाला मी काय सांगू? तो सरळ आहे. त्याला सांगितलं तर तो उद्या सकाळी मुलाचा हात धरून चौकीत जाईल. म्हणून सांगत नाही.

हे काय लिहिलं मी!

१५ ऑगस्ट

गच्चीवर पतंगच पतंग. सगळी कॉलनी ओरडतेय. दरवर्षी निहारच्या बोटांना मांजा कापतो आणि मी हळद लावते. आज टाकीला टेकून बसला होता, चकरी हातात, पतंग जमिनीवर. शेजारच्या मुलांनी हाक मारली, "ओए निहार!" तो उठला नाही. मी जवळ गेले, शेजारी बसले. पाच-दहा मिनिटं बसले असेन. त्यानं विचारलं, "लायब्ररीवाले सर कधी सुटणार?"

"सुटतील."

"त्यांना मारतात का आत?"

मी खाली निघून आले. जिना कठडा धरून उतरले.

१७ ऑगस्ट

भानुमतीचा रोज एक मेसेज. "बगितलं का ताई?" आज नुसताच हात जोडलेला. मी नंबर ब्लॉक केला. मग काढला. मग पुन्हा केला.

१८ ऑगस्ट, सोमवार

मयुरा नाचत आली. उद्या सकाळी आठला नोएडाच्या स्टुडिओत, मोठा शो, अर्धा तास फक्त मी. सातला गाडी येणार. "मॅम, यानंतर तुम्हाला कुणी विचारणारच नाही की तुम्ही कोण!"

नको म्हणाले. ती म्हणाली, आता नको म्हटलं तर लोक विचारतील का. खरंच आहे. आता गप्प बसले तरी संशय आणि बोलले तरी खोटं.

ठरवलंय. उद्याचा शो होऊ दे. बुधवारी कोठडीची तारीख आहे. त्याआधी वकिलाला गाठीन, सांगेन की मूळ कागद पाहिला नव्हता, मत मागे घेते. निहारचं नाव कुठेही येऊ न देता. जमेल. जमायलाच पाहिजे. आणि नाही जमलं तर निदान लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत चार महिने आहेत.

अंबादासला चार महिने नाहीत. मला माहीत आहे.

साडी काढायला कपाट उघडलं, वही जागेवर आहे. ही रोजनिशीसुद्धा आजपासून तिच्यासोबतच ठेवते.

19 ऑगस्ट

आई, मी निहार. माझी कॉपी शोधताना ही मिळाली. सॉरी, सगळी वाचली. काही शब्द नाही कळले.

चिठ्ठी मी लिहिली. तू टीव्हीवर दाखवत होतीस तेव्हा मी सोफ्यावर बसून वाट बघत होतो की आता तू ओळखशील. रोज वाट बघितली. मग तू कॉपी लपवली तर मला वाटलं चला, आता आई सरांना सोडवेल.

पण तू दहा तारखेला ओळखलं, आणि तेरा तारखेला साइन केलं. मी दोन्ही पानं खूप वेळा वाचली.

बाबांना दाखवलं. ते रडले. आम्ही दोघं पोलीस स्टेशनला जातोय, माझी कॉपी आणि ही डायरी घेऊन. तू स्टुडिओतून तिकडे नको येऊ. तू आलीस तर परत तूच बोलशील.